पीएच नॉर्मल आला, तरी डॉक्टर गंभीर का?

भांडुपहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे:

'माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, तेव्हापासून हृदयाचं पंपिंग ३० टक्के. डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत. दारू कधीच नाही. गेल्या आठवड्यात ताप-खोकला झाला. चौथ्या दिवशी धाप लागली, बीपी ७० वर आलं, म्हणून घराजवळच्या खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूत ठेवलं. न्यूमोनिया आणि शॉक असं निदान आहे. पहिल्या रात्रीच व्हेंटिलेटर लावला. डॉक्टर म्हणाले, रक्तात ॲसिड खूप वाढलंय आणि लिव्हरला जबरदस्त मार बसलाय. दुसऱ्या दिवशी पीएच नॉर्मल आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, परिस्थिती तशीच आहे. आज तिसरा दिवस. एसजीपीटी जवळजवळ निम्मं झालंय, तरी शब्द तोच, गंभीर. आमच्या मामांचं मेडिकलचं दुकान आहे. ते म्हणतात, लॅक्टेट वाढलंय आणि हे लोक रिंगर लॅक्टेटच लावतायत, मग वाढेल नाही तर काय? भाऊ म्हणतो, इथे वेळ घालवू नका, परळला हलवू आणि लिव्हर ट्रान्सप्लान्टचं विचारू. कुणाचं ऐकू? सगळ्या रिपोर्टचे फोटो जोडले आहेत.'

ताई, तिन्ही दिवसांचे रिपोर्ट ओळीने लावून वाचले. पेशंटला समोर पाहणारे डॉक्टर तिथे आहेत, त्यामुळे औषध बदला किंवा बंद करा असं इथून सांगणार नाही. पण कोणता आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट सांगता येतं. सरळ उत्तर आधी देतो. कालपासून वडिलांची दिशा थोडी बरी आहे. ती पीएचमुळे (रक्त किती आम्ल आहे त्याचा आकडा) नाही, एसजीपीटीमुळेही (लिव्हरच्या पेशींतलं एन्झाइम) नाही, लॅक्टेटमुळे (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं द्रव्य) आहे. आणि डॉक्टर अजून गंभीर म्हणतात तेही बरोबरच आहे, कारण किडनी आणि बिलिरुबिन (काविळीचा आकडा) अजून उलट्या दिशेने चालले आहेत.

आधी पीएच. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, म्हणजे एबीजीत, पीएच ७.३५ ते ७.४५ असावा लागतो. दिसायला फरक दशांशाचा असतो, पण पीएच ७.४ वरून ७.१ वर आला की रक्तातलं ॲसिड दुप्पट झालेलं असतं. हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो. एक बायकार्बोनेट (नॉर्मल २२ ते २६), जे मुख्यतः किडनी सांभाळते. दुसरा कार्बन डायऑक्साइड (नॉर्मल ३५ ते ४५), जो फुफ्फुसं बाहेर टाकतात. दोन्ही एकाच वेळी बिघडूनही पीएच बरोबर मधोमध येऊ शकतो. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी नेमकं तेच झालं.

पहिल्या दिवशी पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड २४, बायकार्बोनेट १०. बायकार्बोनेट इतकं खाली गेलं की शरीर जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड खाली आणतं. तो कितीपर्यंत यायला हवा याचं साधं सूत्र आयसीयूत वापरतात: बायकार्बोनेटची दीडपट, अधिक ८, आणि दोन इकडे-तिकडे. १० ची दीडपट १५, अधिक ८ म्हणजे २३. वडिलांचा आकडा २४ होता. याचा अर्थ त्यांची फुफ्फुसं त्या रात्री पूर्ण ताकदीने ॲसिडशी झुंजत होती, आणि तुम्हाला दिसलेल्या धापेत न्यूमोनियाबरोबर या झुंजीचाही वाटा होता. अशा पेशंटला व्हेंटिलेटर लावताना एक मोठा धोका असतो. स्वतः मिनिटाला ३० ते ३५ श्वास घेणाऱ्या माणसाला मशीनवर १४ श्वासांवर ठेवलं, तर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने साठतो आणि पीएच काही मिनिटांत कोसळतो. तसं झालेलं रिपोर्टात दिसत नाही. लावणाऱ्यांनी ते काळजीपूर्वक केलं आहे.

दुसऱ्या दिवशी पीएच ७.४१, कार्बन डायऑक्साइड २४, बायकार्बोनेट १५. सूत्राने कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास हवा होता, प्रत्यक्षात तो २४ आहे. म्हणजे श्वास गरजेपेक्षा जास्त चालला होता. शिवाय औषधांच्या कागदावर सोडाबायकार्बच्या २५ मिलिच्या चार कुप्या दिसतात. आपल्याकडे मिळणाऱ्या ७.५ टक्क्यांच्या कुपीत एका मिलिलिटरला साधारण ०.९ मिलिमोल बायकार्बोनेट असतं, म्हणजे चार कुप्यांत सुमारे ९०. एका बाजूने श्वास आणि दुसऱ्या बाजूने सोडाबायकार्ब, अशा दोन टेकूंवर तो ७.४१ उभा होता. ॲसिड बनवणारं मूळ कारण जागचं हललं नव्हतं, कारण त्याच नमुन्यात लॅक्टेट १०.६ होतं. आदल्या दिवशी ते ११.२ होतं. चोवीस तासांत जेमतेम पाच टक्क्यांची घट. डॉक्टरांनी 'तशीच आहे' म्हटलं ते यावरून.

सोडाबायकार्ब देणं चुकीचं होतं असा अर्थ काढू नका. पीएच ७.२ च्या खाली जाऊ लागला आणि किडनीही बसू लागली, तर ते देण्याला आधार आहे. हृदय आणि बीपीची औषधं फार आम्लात नीट काम करत नाहीत. मात्र ते वेळ मिळवून देतं, आजार उलटवत नाही. त्यातून नवा कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो बाहेर टाकायला श्वास पुरेसा हवा. रक्तातलं मोकळं कॅल्शियम आणि पोटॅशियम खाली येतं, सोडियमचा भार वाढतो. ३० टक्के पंपिंगच्या हृदयाला तो भार जाणवतो.

आता लॅक्टेट. शरीर दररोज १,२०० ते १,५०० मिलिमोल लॅक्टेट बनवतं आणि त्यातला निम्म्याहून बराच अधिक भाग एकटं लिव्हर वापरून टाकतं. उरलेला मुख्यतः किडनी. म्हणून निरोगी माणसात ते २ च्या आत राहतं. शॉकमध्ये ऊतींना ऑक्सिजन कमी पडतो, ताणाची संप्रेरकं वाढतात, त्यामुळे लॅक्टेट जास्त बनतं. लिव्हरलाच मार बसला असेल तर नळ जोरात सुरू आणि मोरीही तुंबलेली, अशी गत होते. लिव्हरच्या पेशंटमध्ये लॅक्टेटला इतकं महत्त्व याचमुळे आहे: रक्ताभिसरण कसं आहे आणि लिव्हरचं काम किती शिल्लक आहे, दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. आयसीयूतल्या लिव्हरच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे. नुसता अल्कली-आम्लाचा तोल बिघडलाय यापेक्षा तो लॅक्टेटमुळे बिघडलाय का, आणि बारा ते चोवीस तासांत लॅक्टेट उतरतंय का, यावर पुढचा अंदाज जास्त नीट बांधता येतो.

आज सकाळी ते ६.१ आहे. कालपेक्षा चाळीस टक्क्यांहून जास्त उतरलं. आणि हे उतरताना नॉरॲड्रेनालिनचा, म्हणजे बीपी टिकवणाऱ्या औषधाचा, वेगही कमी झालेला आहे. बीपीचं औषध वाढवत नेऊन लॅक्टेट उतरणं आणि औषध कमी होत असताना उतरणं यांत मोठा फरक आहे. तुमच्या रिपोर्टातली सगळ्यात आश्वासक गोष्ट हीच. पूर्ण नॉर्मल व्हायला वेळ लागेल, कारण मोरी अजून मोकळी झालेली नाही. नुसत्या सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव बिघडण्यात) जितक्या वेगाने ते उतरतं तितकी अपेक्षा इथे धरू नका.

लॅक्टेटचा आकडा लिहून ठेवताना तीन गोष्टी तपासा. एकक कोणतं? काही लॅब मिलिमोलऐवजी मिलिग्रॅममध्ये देतात, आणि १ मिलिमोल म्हणजे ९ मिलिग्रॅम. ५४ वाचून घाबरायचं कारण नाही, ते ६ च आहे. नमुना कधी घेतला आणि मशीनवर कधी लावला? सिरिंज अर्धा तास तशीच पडली तर रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि लॅक्टेट खोटं वाढतं. आयसीयूतच एबीजीचं मशीन असेल तर ही अडचण येत नाही. नमुना खालच्या मजल्यावर जात असेल तर विचारा. आणि त्या वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन किंवा सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन चालू होतं का? ही दोन्ही औषधं लॅक्टेट वाढवतात, तेव्हा त्या वाढीचा अर्थ वेगळा.

मामांच्या शंकेचं उत्तर. रिंगर लॅक्टेटच्या एका लिटरमध्ये सुमारे २८ मिलिमोल लॅक्टेट असतं, म्हणजे ५०० मिलिच्या बाटलीत १४. शरीर स्वतः दिवसाला हजारावर बनवतं. शिवाय बाटलीतलं लॅक्टेट सोडियमच्या क्षाराच्या रूपात असतं, ते ॲसिड नव्हे. लिव्हरने ते वापरलं की उलट बायकार्बोनेट तयार होतं. लिव्हर फारच बसलेलं असेल आणि भराभर काही लिटर गेले, तर आकडा थोडा वर राहू शकतो. म्हणून काही डॉक्टर ॲसिटेट असलेलं द्रव वापरतात, तेही योग्यच. पण ११ चं लॅक्टेट बाटलीतून येत नाही. मामांना आणखी एक सांगा: साध्या नॉर्मल सलाइनमध्ये क्लोराइड १५४ असतं, रक्तात ते १०० च्या आसपास. सलाइन भरपूर गेलं की क्लोराइड चढतं आणि बायकार्बोनेट खाली येतं. हा वेगळ्या जातीचा ॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकणं, झाला.

तो वेगळा ओळखायचा कसा, हे थोडं विस्ताराने सांगतो, कारण लिव्हरच्या पेशंटमध्ये इथेच हमखास चूक होते. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं की जो फरक उरतो, त्याला ॲनायन गॅप म्हणतात. ८ ते १२ नॉर्मल. लॅक्टेट, किटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारी आम्लं), किडनीने न काढलेली आम्लं साठली की तो वाढतो. नुसत्या क्लोराइडमुळे आलेल्या ॲसिडोसिसमध्ये तो वाढत नाही. पण या नॉर्मल फरकाचा मोठा भाग अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनामुळे असतो, आणि लिव्हरच्या किंवा आयसीयूतल्या पेशंटचं अल्ब्युमिन घसरलेलं असतं. म्हणून ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्याला २.५ ने गुणून ते मिळवायचं. वडिलांचं अल्ब्युमिन २.१, म्हणजे सुमारे ५ मिळवायचे.

पहिल्या दिवशी सोडियम १३३, क्लोराइड ९८, बायकार्बोनेट १०. फरक २५, अल्ब्युमिन धरून ३०. नॉर्मलपेक्षा १८ जास्त. त्यातले दहाएक लॅक्टेटचे, तरी सात-आठांचा हिशोब लागत नाही. आज सोडियम १३६, क्लोराइड १०८, बायकार्बोनेट १७. कागदावर फरक ११, म्हणजे वरवर नॉर्मल. अल्ब्युमिन धरून १६. नॉर्मलपेक्षा जास्तीचे चार-पाच, ते सगळे लॅक्टेटच्या खात्यात बसतात. बायकार्बोनेट अजून १७ वर अडकलंय त्यात क्लोराइडचा वाटा मोठा आहे, आणि ही जात लॅक्टेटच्या ॲसिडोसिसइतकी जीवघेणी नसते. म्हणून उद्या कुणी 'बायकार्ब अजून कमीच आहे' म्हणालं तर घाबरण्याआधी क्लोराइड किती ते विचारा. आणि पहिल्या दिवशीचे ते सात-आठ कुठून आले, हा प्रश्न मात्र सोडू नका. शेवटी त्यावर येतो.

एसजीपीटी. इथे बहुतेक नातेवाईक फसतात. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींच्या आतली एन्झाइम्स. पेशी मरतात तेव्हा ती रक्तात सांडतात. लिव्हरला हृदयाच्या एकूण रक्तपुरवठ्याचा साधारण चौथा हिस्सा लागतो, त्यातलं बरंचसं पोर्टल शिरेतून येतं आणि त्या रक्तात ऑक्सिजन आधीच कमी असतो. वडिलांचं हृदय कमजोर, म्हणजे मागे रक्त तुंबून लिव्हर आधीपासूनच फुगलेलं असू शकतं. त्यात न्यूमोनियाने ऑक्सिजन कमी आणि बीपी ७०. लिव्हरच्या प्रत्येक खंडाच्या मधल्या शिरेभोवतालच्या पेशी पुरवठ्याच्या शेवटच्या टोकाला असतात, त्या आधी मरतात. यालाच शॉक लिव्हर म्हणतात. एन्झाइम्स नॉर्मलच्या वीसपटीहून वर जातात, एक-दोन दिवसांत शिखर गाठतात आणि मार थांबला की भराभर उतरतात. एसजीओटी रक्तातून साधारण १७ तासांत निम्मं होतं, एसजीपीटीला जवळपास दोन दिवस लागतात. वडिलांचं एसजीओटी ४२०० वरून ९०० आणि एसजीपीटी २९०० वरून १६०० वर आलं आहे. हा वेग एवढंच सांगतो की नव्या पेशी मरणं जवळजवळ थांबलंय. ही चांगली बातमी आहे, पण ती मार थांबल्याची आहे. उरलेलं लिव्हर काम करतंय का, हे एसजीपीटी सांगू शकत नाही. संपूर्ण लिव्हर खलास झालं तरी एसजीपीटी उतरतंच.

काम दाखवणारे आकडे वेगळे: आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), साखर, अमोनिया (लिव्हर रक्तातून काढून टाकतं ते विषारी द्रव्य), लॅक्टेट आणि पेशंटची शुद्ध. आयएनआर २.१, मग २.८, आज २.६. चढायचा थांबलाय, पण उतरायला लागला असं अजून म्हणता येत नाही. मध्ये प्लाझ्मा (एफएफपी) दिला असेल तर हा आकडा दात्याच्या रक्ताचा आहे, वडिलांच्या लिव्हरचा नाही, म्हणून कधी दिला ते विचारून वेळेसह लिहा. साखर वारंवार खाली जात असेल तर ते वाईट लक्षण, आणि डायबेटिसच्या माणसात ते सहज नजरेआड होतं. साखर नॉर्मल आली म्हणून घरचे खूश असतात आणि ती ग्लुकोजच्या ड्रिपवर तोललेली असते. बिलिरुबिन १.९ वरून ४.६ झालंय. शॉक लिव्हरमध्ये एन्झाइम्स उतरताना कावीळ चढणं बऱ्याच जणांत दिसतं, पण ती चढत राहिली तर संसर्ग आणि गुंतागुंतीचं प्रमाण वाढतं. पुढच्या चार-पाच दिवसांत तिच्याकडे लक्ष हवं.

पुढे काय, हा प्रश्न तुम्ही पत्रात थेट विचारलेला नाही, पण ओळीओळीत आहे. शॉक लिव्हर झालेल्या आयसीयूतल्या रुग्णांपैकी साधारण निम्मे हॉस्पिटलमधून घरी जात नाहीत. हे टाळून बोलणं तुमच्याशी अन्याय होईल. त्यातले बहुतेक लिव्हरमुळे जात नाहीत, ज्या आजाराने लिव्हरला मार बसला त्याने जातात. म्हणून निकाल हृदय आणि न्यूमोनियावर आहे. वडिलांच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी: सेप्टिक शॉक, आयएनआर २ च्या वर, क्रिएटिनिन (किडनी बसली की वाढणारा आकडा) १.९ वरून ३.३, आणि चोवीस तासांत लघवी फक्त ३०० मिलि. बाजूने: लॅक्टेटची घसरण, बीपीचं औषध कमी होणं, आणि अल्ब्युमिन धरून काढलेला ॲनायन गॅप ३० वरून १६ वर येणं. उद्या-परवा लॅक्टेट ३ च्या खाली आलं आणि लघवी पुन्हा नीट होऊ लागली, तर चित्र खरोखर पालटेल. ते पुन्हा ८-९ वर चढलं आणि सोबत नॉरॲड्रेनालिनही वाढवावं लागलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी बसून बोलायची वेळ मागा: नवं कारण सापडतंय का, आतड्याचा रक्तपुरवठा तपासला का, इको (हृदयाची सोनोग्राफी) पुन्हा केला का, आणि उपचार कुठपर्यंत न्यायचे. हे बोलणं आईला सोबत घेऊन व्हावं. फोनवर नको.

डायलिसिसचं विचारतील, बहुधा एक-दोन दिवसांत. लघवी नसताना ॲसिड, पोटॅशियम आणि पाणी बाहेर काढायला दुसरा मार्ग नाही. बीपी औषधावर असलेल्या पेशंटला चार तासांचं नेहमीचं डायलिसिस सहसा झेपत नाही, मग संथ, अखंड चालणारं सीआरआरटी किंवा सहा ते बारा तासांचं स्लेड करतात. तिथे एकच प्रश्न नक्की विचारा: नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरणार का? सायट्रेट मोडायचं काम मुख्यतः लिव्हर करतं. ते साठलं तर पुन्हा ॲसिडोसिस होतो, मोकळं कॅल्शियम खाली जातं आणि एकूण कॅल्शियम वर दिसतं. एकूण कॅल्शियमला मोकळ्या कॅल्शियमने भागून उत्तर २.५ च्या वर गेलं की ते धोक्याचं समजतात. मात्र दोन्ही एकाच एककात, मिलिमोलमध्ये हवेत. लिव्हर बिघडलं म्हणून सायट्रेट वर्ज्य नाही, पण दोन्ही कॅल्शियम ठरावीक तासांनी मोजली पाहिजेत.

आता भावाचं म्हणणं. ट्रान्सप्लान्टसाठी परळला न्यायचा विचार या आजारात आम्हाला पटत नाही. शॉक लिव्हर हा लिव्हरचा मूळ आजार नाही. रक्तप्रवाह सुधारला की लिव्हर बहुतेकदा स्वतः सावरतं, आणि नाही सावरलं तर ३० टक्के पंपिंग आणि चालू सेप्सिस असताना ते ऑपरेशन झेपत नाही. हलवायचं खरं कारण वेगळं असू शकतं. सध्याच्या हॉस्पिटलमध्ये सीआरआरटी नसेल, रात्री इको करणारं कुणी नसेल किंवा एबीजी तासाभरात मिळत नसेल, तर हलवणं योग्य. तेव्हाही आधी तिकडचा आयसीयू बेड आणि घेणाऱ्या डॉक्टरांचं नाव नक्की करा, मग कार्डिॲक ॲम्ब्युलन्स बोलवा. भांडुप ते परळ रस्ता लांब नाही, पण संध्याकाळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर किती वेळ जाईल याचा भरवसा कुणीच देत नाही. पहाटे न्या. निघण्याआधी एबीजी करायला सांगा. ॲम्ब्युलन्सच्या व्हेंटिलेटरवर श्वासांचा वेग आयसीयूतल्याइतकाच ठेवायला सांगा, नॉरॲड्रेनालिनची भरलेली दुसरी सिरिंज सोबत हवी, आणि लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट ऑक्सिजन. खर्च झेपत नसेल तर ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये समाजसेवा अधिकाऱ्यांना आधी भेटा: धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत ठेवा.

भावाचं घाईचं म्हणणं ज्या आजारांत अगदी बरोबर ठरतं, ते इतर वाचकांसाठी सांगतो. उंदीर मारायची पेस्ट पोटात गेली, पॅरासिटामॉलचा मोठा डोस गेला, किंवा पावसाळ्यातली हिपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ चढून पेशंट असंबद्ध बोलू लागला, तर तास मोजावे लागतात. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत पुरेसं द्रव दिल्यावरही पीएच ७.३ च्या खाली राहणं हा १९८९ पासून वापरात असलेला किंग्ज कॉलेजचा ट्रान्सप्लान्टचा निकष आहे. द्रव दिल्यानंतर लॅक्टेट ३ च्या वर राहणं हा त्यात पुढे जोडलेला इशारा. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टमध्ये पहिले एक-दोन दिवस पेशंट ठीक दिसतो, नंतर लिव्हर कोसळतं. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी ट्रान्सप्लान्टची सोय असलेल्या ठिकाणी न्यावं. मेंदूमृत दात्याचं लिव्हर मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीतून मिळतं, पण अशा वेळी बहुधा घरातल्या दात्याची तयारीही समांतर करावी लागते.

ज्यांना आधीपासून सिरॉसिस (लिव्हर कायमचं कडक होऊन आकसणं) आहे त्यांचं गणित आणखी वेगळं. घरी बरे असतानाही त्यांचा श्वास थोडा जास्त चालतो आणि कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास असू शकतो. कमी अल्ब्युमिन रक्त अल्कलीकडे ओढतं, वाढलेलं क्लोराइड आम्लाकडे. हा तोल वर्षानुवर्षं टिकतो आणि संसर्ग किंवा रक्तस्राव झाला की लॅक्टेट आणि किडनीच्या आम्लांनी एका दिवसात मोडतो. युरोपातल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात अशा अचानक ढासळलेल्या रुग्णांपैकी २८ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण किती अवयव निकामी झाले यावर ठरलं: पहिल्या पायरीला सुमारे २२ टक्के, दुसरीला ३२ आणि तिसरीला ७७.

तुमच्याकडे पुढच्या आठवड्यात येऊ शकणारी एक अडचण आताच सांगून ठेवतो. लिव्हर सावरलं की साठलेलं लॅक्टेट बायकार्बोनेटमध्ये बदलतं. त्यात आधी दिलेल्या सोडाबायकार्बची भर, आणि सूज उतरवायला लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) सुरू झालं की पीएच ७.५ च्या वर जाऊ शकतो. आम्ल गेलं म्हणून सगळे निश्चिंत होतात. पण अल्कली रक्तात आणि कमी पोटॅशियममध्ये अमोनिया मेंदूत सहज शिरतो, आणि शुद्धीवर येणारा पेशंट पुन्हा गुंगीत जातो. तेव्हा झोपेच्या औषधाला दोष देण्याआधी पीएच, पोटॅशियम आणि अमोनिया पाहायला सांगा.

राहिले पहिल्या दिवशीचे ते सात-आठ. तुम्ही डायबेटिसच्या गोळ्यांची नावं लिहिली नाहीत. हृदय कमजोर आणि डायबेटिस असणाऱ्यांना आजकाल डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सर्रास देतात, आणि ती हृदयासाठी चांगली गोळी आहे. पण ताप येऊन जेवण सुटलं असताना ती चालू राहिली, तर साखर फारशी न वाढताही किटोन साठून ॲसिडोसिस होतो. तो साखरेच्या रिपोर्टात दिसत नाही, रक्तातले किटोन मोजावे लागतात. मेटफॉर्मिन चालू असेल आणि किडनी बसली तर लॅक्टेट वाढतं. म्हणून आज संध्याकाळच्या भेटीला घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगू नका. तापाच्या चार दिवसांत पॅरासिटामॉल ६५० च्या किती गोळ्या गेल्या ते स्ट्रिपमधली रिकामी घरं मोजून सांगा. दिवसाला चार ग्रॅम, म्हणजे सहा गोळ्या, ही धडधाकट माणसाची मर्यादा, उपाशी आणि आजारी माणसाची त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ती वेगळी मोजा. गुळवेलीचा किंवा दुसरा कुठला काढा दिला असेल तर तोही सांगा, आईला कुणी रागावणार नाही. गोळ्या जास्त गेल्या असतील तर एन-ॲसिटिलसिस्टीन (पॅरासिटामॉलच्या विषबाधेवरचा उतारा) द्यायचं का, हे डॉक्टर आजच ठरवू शकतील.